चुकलेल्या चेंडूचा धनी

अ‍ॅरिझोनात घड्याळं मागेपुढे करत नाहीत. बाकीची जवळजवळ सगळी अमेरिका मार्चमध्ये काटा तासभर पुढे ढकलते आणि नोव्हेंबरमध्ये मागे आणते. हे राज्य, नावाहो लोकांचा मुलूख सोडला तर, बारा महिने एकाच वेळेवर अडून बसतं. त्यामुळे चँडलरला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या तुम्हाला गावाकडची वेळ काढायला सोपं पडतं. साडेबारा तास, उन्हाळा असो की हिवाळा. तुम्ही पहाटे पाचला बूट घालता तेव्हा तासगावात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात.

पाचलाच निघायचं, कारण जूनमध्ये आठ वाजले की बाहेर तवा तापलेला. दुपारी पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. सूनबाई म्हणते, "बाबा, टोपी आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय निघायचं नाही." तुम्ही घेता.

पण आज दारातच अडकता. गाडी लावायच्या उतारावर खांबाला रिंग लावली आहे आणि नातू भल्या पहाटे चेंडू आपटतो आहे. अंगात गुडघ्यापर्यंत लोंबणारी जांभळी जर्सी, छातीवर शेपूट फुटलेला केशरी सूर्य, पाठीवर ३४.

"हा कोण रे, बार्कली?"

"आजोबा, तो टीव्हीवर असतो. शॅकशी भांडतो. खूप फनी आहे."

"खेळायचा का?"

"हो, पण लाँग टाइम अगो. त्याला रिंग नाही मिळाली."

ही रिंग म्हणजे विजेत्या संघातल्या प्रत्येकाला मिळणारी अंगठी, हे ध्यानात यायला तुम्हाला जरा वेळ लागतो. डोक्यावरची रिंग वेगळी, बोटातली वेगळी. नातू दहा चेंडू मारतो, त्यातले सात चुकतात. चुकलेले आणून द्यायचं काम अर्थातच तुमचं. शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली, कुस्ती आणि कबड्डीत हयात गेली, बास्केटबॉलचं मैदान होतं ते एका वाकलेल्या रिंगपुरतं. तरी दहा मिनिटांत तुमचे पाय शिकतात. लांबून मारलेला चेंडू लांब उडतो. एका कोपऱ्यातून मारलेला बहुधा पलीकडच्या अंगाला जातो. चेंडू रिंगला लागायच्या आधीच तुम्ही तिकडे सरकायला लागता. "आजोबा, यू आर गुड!" नातू ओरडतो. मनातून बरं वाटतं, पण बाटली उचलून तुम्ही चालू लागता.

गावाच्या जुन्या चौकात सॅन मार्कोस हॉटेल आहे, १९१३ सालचं. गाव त्याच्या आदल्या वर्षी वसवलं अलेक्झांडर जॉन चँडलर या गुरांच्या डॉक्टरने. कालवे आणले, जमिनीचे तुकडे पाडून विकले, कापूस लावला. शहामृगंसुद्धा पाळली, कारण तेव्हा बायकांच्या टोप्यांवर त्यांची पिसं खोचायची फॅशन होती. फॅशन गेली, पण गाव अजून दरवर्षी शहामृगांच्या नावाने जत्रा भरवतं. समोरच्या बागेला डॉक्टरांचंच नाव आहे. तिथल्या बाकावर तुम्ही टेकता, डोळे मिटता. उठता तेव्हा तारीख ५ जून १९९३, वार शनिवार.

हॉटेल जागच्या जागी आहे, बाकीचं मात्र बरंच विरळ झालंय. मुलाचं घर जिथे असायला हवं तिथे कापूस आणि लसूणघासाची शेतं आहेत. कालव्याचं पाणी नुकतंच सोडलेलं, ओल्या मातीचा वास थेट तुमच्या कृष्णाकाठचा. २०२ नंबरचा महामार्ग अजून इथे पोचलेला नाही. तीन वर्षांपूर्वीच्या जनगणनेत लोकसंख्या नव्वद हजारांच्या आसपास. तुम्ही आलात त्या चँडलरची पावणेतीन लाख आहे. चिपा बनवणारी इंटेल १९८० पासून इथे आहे, पण ज्या कारखान्यांच्या ओढीने आपली पोरं पुढे थव्यांनी इथे उतरणार, ते अजून उभे राहायचेत. शेजारच्या विल्यम्स हवाई तळाला यंदा कुलूप लागायचंय. अशा या अर्धवट शेतकरी, अर्धवट कारखानदार गावात आज सगळी माणसं एका गोष्टीने येडी झाली आहेत. गाड्यांच्या खिडक्यांवर जांभळी निशाणं, दुकानांच्या काचांवर केशरी सूर्य, आणि न्हाव्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, उघड्या गॅरेजात एकच आवाज. अल मॅकॉय. १९७२ पासून हा माणूस फिनिक्स सन्सचे सामने रेडिओवर सांगतोय आणि आणखी तीस वर्षं सांगणार आहे. तीन गुणांचा चेंडू पडला की तो "शझॅम!" म्हणून आरोळी ठोकतो. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर वाढलेल्या तुम्हाला या आवाजाची ओळख करून द्यावी लागत नाही.

फिनिक्स शहर इथून चाळीसेक किलोमीटर. काळात मागे आलेल्याला तिकीट लागत नाही, हा या प्रकारातला एकच फायदा. अमेरिका वेस्ट अरीना, उघडून जेमतेम वर्ष झालेलं, एकोणीस हजार माणसं आत. बाहेरच्या भट्टीतून आल्यावर आतली थंडी अंगावर येते. आज पश्चिम विभागाच्या अंतिम लढतीचा सातवा सामना आहे. समोर सिएटल, दोघांचे तीन-तीन विजय. जिंकेल तो मायकेल जॉर्डनच्या शिकागोशी भिडणार.

शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा तुम्हाला या शहराचं दैव समजावतो. १९६९ साली देशातला सगळ्यात मोठा खेळाडू कोणाकडे जायचा हे नाणं उडवून ठरायचं होतं. फिनिक्सने छापा मागितला, काटा पडला, आणि पुढे करीम अब्दुल-जब्बार झालेला पोरगा मिलवॉकीला गेला. १९७६ मध्ये अंतिम फेरी गाठली, तिथे बॉस्टनकडून हरले. तेव्हापासून वाट बघणं चालू आहे. "आणि आता हा आलाय," म्हातारा बोट दाखवतो.

तुम्ही बघता आणि खरं सांगायचं तर निराश होता. चार्ल्स बार्कली, वय ३०, जागा पॉवर फॉरवर्ड. आपल्याकडे नागपाड्याच्या कोर्टावर ज्याला नुसतं 'चार नंबर' म्हणतात, तो. रिंगखालच्या धक्काबुक्कीचा मानकरी. या जागेवर एरवी पावणेसात-सात फुटांचे लोक असतात. संघाच्या कागदावर याची उंची साडेसहा फूट लिहिलेली आहे. तो स्वतः मात्र सहा फूट पावणेपाच इंच सांगतो. मांड्या दांडग्या, बूड रुंद, खांदे हमालाचे, डोकं तुळतुळीत. तुमच्या शाळेत निवड चाचणीला आला असता तर तुम्ही त्याला गोळाफेकीत पाठवून मोकळे झाला असता.

असा माणूस या जागेवर कसा आला ते बघायला आणखी मागे जावं लागतं. तेरा-चौदा वर्षं, अलाबामातल्या लीड्स गावापर्यंत.

बाप पोर तान्हं असतानाच सोडून गेलेला. आई लोकांच्या घरी साफसफाई करते, घरावर हुकूम आजीचा. पोरगा हायस्कूलच्या शेवटून दुसऱ्या वर्गात आहे, उंची पाच फूट दहा इंच, अंगाने गुबगुबीत. शाळेच्या मुख्य संघात त्याला कोणी विचारत नाही. संध्याकाळी तुम्ही त्या घराजवळ उभे राहता. कमरेएवढं जाळीचं कुंपण आहे. पोरगा धावत न येता, जागच्या जागी उभा राहून, कुंपणाच्या अलीकडून पलीकडे उडी मारतो. खाली टेकला की लगेच पलीकडून अलीकडे. पुन्हा. पुन्हा. आजूबाजूला कोणी बघणारं नाही. तालमीत पहाटे जोर काढणाऱ्या पोरांची मोजदाद करत तुम्ही वर्षं काढली आहेत, त्यामुळे तुम्ही नकळत मोजायला लागता. पण तुमची नजर उडीच्या उंचीवर नाही. खाली टेकणं आणि पुन्हा सुटणं यांच्यामधला जो क्षण आहे, तो जवळजवळ नाहीच. रबरासारखा.

पुढच्या वर्षभरात त्याची उंची सहा इंचांनी वाढते, आडवा तो आधीच होता. ऑबर्न विद्यापीठ त्याला घेतं. तिथे त्याचं नाव पडतं 'राउंड माउंड ऑफ रिबाउंड'. रिबाउंड म्हणजे नेम चुकून रिंगवरून परत उडालेला चेंडू पकडणं. मराठीत रिबाउंडचा गोल ढिगारा म्हणा. चेष्टाच होती, पण तीन वर्षं चेष्टा करणाऱ्यांच्या डोक्यावरून त्याने चेंडू काढले. १९८४ च्या ऑलिंपिक संघातून त्याला वगळतात. त्याच वर्षी व्यावसायिक निवडीत फिलाडेल्फिया त्याला पाचव्या क्रमांकावर उचलतं. त्या क्लबाने आपल्याला घेऊ नये, कारण त्यांच्याकडे द्यायला पैसे कमी होते, म्हणून वजनाच्या चाचणीआधी दोन दिवस आपण मुद्दाम हादडलं, हा किस्सा तो आजही मिटक्या मारत सांगतो. वजन वाढलं, निवड टळली नाही.

फिलाडेल्फियाची आठ वर्षं मी भरभर ओलांडतो, पण एका संध्याकाळी तुम्हाला थांबवतो. नवखा बार्कली मोझेस मलोनच्या दारात उभा आहे. मोझेस म्हणजे त्या काळातला रिबाउंडचा उस्ताद. पोराचं गाऱ्हाणं एवढंच की मला खेळायला का मिळत नाही. मोझेस साखर न लावता सांगतो की तू जाडा आहेस आणि आळशी आहेस. मग तोच उस्ताद त्याच्याकडून आधी दहा पौंड उतरवून घेतो, ते उतरले की आणखी दहा. सगळं एकदम उतरव म्हटलं असतं तर पोरगा पळून गेला असता, हे मोझेसला ठाऊक होतं. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीतल्या वस्तादाने हेच केलं असतं. १९८६-८७ च्या हंगामात हा पोरगा सामन्यामागे १४.६ रिबाउंड काढून अख्ख्या लीगमध्ये पहिला येतो. इतक्या कमी उंचीच्या माणसाने तो मान मिळवल्याचं दुसरं उदाहरण नाही.

याच वर्षांत त्याचं तोंडही सुटतं. मार्च १९९१ मध्ये न्यू जर्सीला एक प्रेक्षक त्याला अर्वाच्य बोलतो. हा त्याच्यावर थुंकतो आणि ते उडतं आठ वर्षांच्या एका मुलीवर. दंड, एका सामन्याची बंदी, जाहीर माफी. पुढच्या वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकात अमेरिकेच्या स्वप्नवत संघात जॉर्डन, मॅजिक, बर्ड असूनही सर्वाधिक गुण याचेच. आणि ११६-४८ ने जिंकलेल्या सामन्यात अंगोलाच्या एका सडसडीत खेळाडूच्या छातीत कोपर घालणाराही हाच. पी.टी.चे मास्तर म्हणून तुमचा हात शिट्टीकडे जातो. जायलाच हवा. त्याची बाजू घ्यायला मी तुम्हाला इथवर आणलेलं नाही.

जून १९९२ मध्ये तीन खेळाडूंच्या बदल्यात तो फिनिक्सला आला. त्या हंगामात सन्सने ८२ पैकी ६२ सामने जिंकले आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून बार्कलीला निवडलं गेलं. त्याआधीची नऊ वर्षं तो किताब बर्ड, मॅजिक आणि जॉर्डन या तिघांच्या घराबाहेर गेला नव्हता. पण पहिल्याच फेरीत, आठव्या क्रमांकाच्या लेकर्सने यांना यांच्याच घरी दोनदा हरवलं. पाचात तीन जिंकायचे. नवखा प्रशिक्षक पॉल वेस्टफल पत्रकारांसमोर म्हणाला की पुढचे तिन्ही आम्ही जिंकणार. आणि जिंकले. मग सॅन अँटोनियोला डेव्हिड रॉबिन्सन नावाच्या सात फुटी माणसाच्या हातावरून, १.८ सेकंद उरले असताना, बार्कलीने चेंडू टाकला आणि ती मालिका संपवली. आता सिएटल.

तुम्ही परत खुर्चीवर. सामना सुरू होतो आणि म्हाताऱ्याचं ऐकून तुम्ही चेंडू बघायचं सोडता. नुसता बार्कली बघता.

सिएटलचा शॉन केम्प त्याच्याहून पाच इंच उंच, वय तेवीस, उडी अशी की रिंगच्या वर कोपर जावं. चेंडू कुणीतरी मारतो. बाकी नऊ जण मान वर करून चेंडूकडे बघतात. बार्कली आधी केम्पला बघतो, मग चेंडूला. एक पाय मागे टाकून तो आपलं ते रुंद बूड केम्पच्या मांडीला टेकवतो आणि गुडघे वाकवून खाली बसतो. बस्स. धक्का नाही, ढकलणं नाही. कुस्तीत समोरच्याचा भार स्वतःच्या कमरेवर घेऊन त्याच्या पायाखालची जमीन काढतात ना, तसं. केम्पला उडायला जागाच उरत नाही, कारण उडायचं तर आधी थोडं पुढे यावं लागतं आणि पुढे हा बसलाय. चेंडू रिंगवर आपटतो. गर्दीतल्या उंच हातांनी तो एकदा थोपटला जातो, हवेत लटकतो. उंच माणसं खाली येऊन, गुडघ्यात वाकून, पुन्हा सुटायच्या तयारीत असतात तोवर बार्कली दुसऱ्यांदा वर गेलेला असतो. लीड्सचं ते कुंपण! तुम्ही खुर्चीवरून अर्धवट उठता.

चेंडू हातात आल्यावर बाकीचे 'चार नंबर' तो एखाद्या चपळ, बुटक्या खेळाडूकडे देऊन टाकतात. हा देत नाही. स्वतःच आपटत निघतो, पूर्ण मैदान, आणि त्या वजनाचा माणूस अंगावर येताना बघून सिएटलवाले बाजूला होतात. कधी पाठ रिंगकडे करून, एकेक पाऊल मागे रेटत, समोरच्याला गाडीसारखं ढकलत नेतो. हे रेटणं पुढे इतकं डोळ्यांवर आलं की १९९९ मध्ये लीगने नियमच केला. पाठ करून पाच सेकंदांपेक्षा जास्त रेटायचं नाही. लोक त्याला बार्कलीचा नियम म्हणतात.

त्या रात्री त्याचे ४४ गुण आणि २४ रिबाउंड. फिनिक्स १२३, सिएटल ११०. समोरच्यांच्या फाउलबद्दल फिनिक्सला ६४ फ्री थ्रो मिळाले म्हणून सिएटलची माणसं अजून कुरकुरतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. पण चोवीस रिबाउंड काही पंचांनी दिले नव्हते. चोवीस वेळा कुणाचा तरी नेम चुकला, आणि तो चेंडू कुठे पडणार हे इतरांच्या अर्धा क्षण आधी एकाला कळलं.

खेळाच्या बातम्यांत चेंडू टाकणाऱ्याचं कौतुक जास्त असतं, हे तुमचं जुनं दुखणं. कबड्डीतसुद्धा चढाई करणाऱ्याचा फोटो छापतात, कोपरा धरून बसलेल्याचा नाही. हा माणूस दोन्ही करत होता, पण त्याचं खरं बूड, शब्दशः, दुसऱ्या कामात होतं. दुसऱ्यांनी वाया घालवलेलं पदरात पाडून घेणं.

आता १५ दिवस पुढे. २० जून, रविवार, त्यांचा फादर्स डे. शिकागो मालिकेत ३-२ ने पुढे. दरम्यान काय काय होऊन गेलंय! दुसऱ्या सामन्यात जॉर्डन ४२, बार्कली ४२, तरी हार. तिसऱ्यात तीनदा जादा वेळ खेळवून फिनिक्सचा विजय. चौथ्यात जॉर्डनचे ५५. पाचवा पुन्हा यांचा. आज शेवटचा क्वार्टर चालू आहे आणि शिकागोचं इंजिन बंद पडलंय. या क्वार्टरमध्ये त्यांचे सगळे नऊ गुण एकट्या जॉर्डनचे. फिनिक्स ९८, शिकागो ९६. चौदा सेकंद. म्हातारा तुमचा दंड घट्ट धरून बसलाय.

सगळं सभागृह जॉर्डनकडे बघतंय. चेंडू जॉर्डनकडून पिपेनकडे जातो. पिपेन आत घुसतो आणि रिंगजवळच्या होरेस ग्रँटला देतो. डॅनी एंज, फिनिक्सचा, ग्रँटला अडवायला दोन पावलं आत येतो. ती दोन पावलं. ग्रँट चेंडू बाहेर फेकतो, तिथे जॉन पॅक्सन एकटा उभा. तीन गुणांच्या रेषेबाहेर. तो मारतो.

चेंडू रिंगला शिवतही नाही, जाळीतून सरळ खाली.

९९-९८. उरले ३.९ सेकंद. केव्हिन जॉन्सन धावतो, मारतो, ग्रँटचा हात चेंडूवर पडतो. तो चेंडू रिंगपर्यंत पोचतच नाही. संपलं.

घरी जाऊन सांगण्यासारखं एवढंच मी तुम्हाला सुचवू शकतो. शेवटच्या चौदा सेकंदांत बार्कलीच्या कामाचा चेंडू एकही आला नाही. एक चुकला नाही, दुसरा पोचला नाही. जगातल्या सगळ्यात चांगल्या रिबाउंडवाल्यांपैकी एकाला मध्ये हात घालायला फटच मिळाली नाही. ज्याला अंगठीच्या हिशेबात माणसं मोजायची त्याने खुशाल मोजावीत. मला तो हिशेब महाराष्ट्र केसरीची गदा न मिळालेल्या पैलवानांना कच्चा मल्ल म्हणण्यासारखा वाटतो. त्याच्या पिढीतले यूइंग, कार्ल मलोन, स्टॉक्टन हेसुद्धा याच भिंतीवर डोकं आपटून परतले, आणि भिंतीचं नाव जॉर्डन होतं.

काही दिवसांत काहीतरी अजब घडतं. हरलेल्या संघाची मिरवणूक. फिनिक्सच्या रस्त्यांवर तीनेक लाख माणसं आल्याचं सांगतात, त्या जूनच्या उन्हात. बाया-माणसं, खांद्यावर पोरं, डोक्यावर ओले टॉवेल. चँडलरहूनही गाड्या भरून लोक आलेत. सन्सना अजूनही विजेतेपद मिळालेलं नाही. २०२१ ला परत अंतिम फेरीत पोचले, परत हरले. १९९३ ची ती मिरवणूक मात्र इथली जुनी माणसं एखाद्या लग्नासारखी आठवतात, कोणी काय घातलं होतं यासकट.

त्याच वर्षी टीव्हीवर बुटांची एक जाहिरात लागते. त्यात बार्कली कॅमेऱ्यात बघून सांगतो की मी कुणाचा आदर्श नाही, मला बास्केटबॉल खेळायचे पैसे मिळतात. पोरांना वळण लावायचं ते आईबापांनी. देशभर गदारोळ. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावलेल्या तुम्हाला राग यायला हवा. पण पालक सभेला आलेले आणि न आलेले चेहरे आठवतात, आणि तुम्ही गप्प बसता.

पुढचं उताराचं आहे, लवकर आटपू. १९९६ मध्ये तो ह्यूस्टनला गेला. तिथल्या ओलाजुवान आणि ड्रेक्सलर यांच्या जोडीने ती अंगठी मिळेल म्हणून. पुढच्याच वर्षी युटाच्या स्टॉक्टनने शेवटच्या सेकंदाला चेंडू टाकून ते दारही लावलं. पाठ, गुडघे, मांड्या कुरकुरत होत्या. ८ डिसेंबर १९९९ रोजी फिलाडेल्फियात, जिथे सुरुवात झाली तिथेच, मांडीचा स्नायू गुडघ्याजवळ हाडापासून तुटला. वय ३६. कोणीही घरी बसलं असतं.

तुम्हाला मी ह्यूस्टनला नेतो, १९ एप्रिल २०००. हंगामाचा शेवटचा दिवस, समोर व्हँकूव्हर, सामन्याला काडीचं महत्त्व नाही. बार्कली साडेचार महिने कोर्टाबाहेर आहे. त्याला एवढंच नको आहे की लोकांच्या डोळ्यांत आपलं शेवटचं चित्र उचलून नेलेल्या माणसाचं राहावं. प्रशिक्षक त्याला काही मिनिटं आत पाठवतो. पाय ओढतच येतो, मांडीवर पट्टा. लोक उभे. पूर्वीचा बार्कली अर्धासुद्धा शिल्लक नाही, हे तुम्ही पहिल्या पावलात ओळखता.

मग त्याच्याच संघातला कुणीतरी चेंडू मारतो. चुकतो. बार्कलीचं बूड सवयीने मागच्याच्या मांडीला टेकतं. उडी कसली, टाचा जेमतेम उचलल्या. चेंडू हातात, आणि तिथूनच परत रिंगमध्ये. दोन गुण. तो बाहेर जातो आणि पुन्हा कधी खेळत नाही. कारकिर्दीत २३,७५७ गुण आणि १२,५४६ रिबाउंड. त्यातला शेवटचा हा.

बाकीचं नातवाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. टीव्हीवरचं ते टेबल, शॅकशी भांडणं, खाण्यावरून, जुगारावरून स्वतःचीच खिल्ली. अलाबामातल्या आपल्या शाळेला आणि कॉलेजांना दिलेल्या मोठाल्या देणग्या त्याला माहीत नसतील. सन्सने २००४ मध्ये ३४ नंबर निवृत्त केला, म्हणजे अंगणातली ती जर्सी संघात आता कोणालाच मिळत नाही. आणखी एक गोष्ट मात्र मुलाला सांगा, कारण ती त्याच्या कामाची आहे. आयोवात एक चिनी वंशाचा शास्त्रज्ञ राहायचा. मांजरांसाठी घरात ठेवतात त्या वाळूच्या धंद्यात होता. परदेशातून आलेला, आपल्या मुलासारखाच. एका हॉटेलात त्याची बार्कलीशी गाठ पडली, गप्पा झाल्या, जेवण झालं, पुढे दोस्ती टिकली. बार्कलीची आई २०१५ मध्ये गेली तेव्हा हा न बोलावता लीड्सला पोचला. तो २०१८ मध्ये गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला आयोवातल्या त्या छोट्या मंडळींत एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला. पोरीने बापाच्या तोंडून या दोस्तीबद्दल ऐकलं होतं.

तुम्ही बाकावरून उठता. हॉटेल तेच आहे, पण चौकाभोवती इमारती दाटल्या आहेत आणि सव्वासात वाजलेत. ऊन मानेवर बसायला लागलंय. बाटली निम्मी झाली आहे. घराशी पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटतो.

नातू अजून खेळतोच आहे, गाल लाल. सूनबाई दारातून हाक मारते, "बाबा, दोघंही आत या, पोहे गार होतायत."

"एकच," नातू म्हणतो आणि उजव्या कोपऱ्यातून मारतो. चेंडू सुटल्या सुटल्या तुम्हाला कळतं की जोर जास्त झालाय. तुम्ही टोपी काढून खांबाला अडकवता आणि डाव्या अंगाला सरकता.